हुंगल्याशिवाय जोहार नाही

आमच्या मोठेबाबांना कोणी जोहार केला की ते आधी त्याचे हात हुंगतात. नाकाजवळ नेऊन, डोळे मिटून, अगदी रीतसर. साबणाचा वास आला तर उलट जोहार, नाहीतर नळ दाखवतात. "साबन लावली काय? नाई ना? मंग घासून ये." एका लग्नात व्याह्यांचे हात हुंगून त्यांनी काय शोभा केली, ते मी सांगत बसत नाही.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. त्यांची बायको, आमची मोठी आई, गेल्यापासून एकटेच राहतात. आम्ही सारे त्यांना हसायचो. अंगणवाडीत पोरांना हात धुवायला शिकवणारी मी, मीही हसायचे.

मग माझं अपेंडिक्स पोटातच फुटलं. गडचिरोलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत आत घाण पसरली होती, तातडीनं पोट उघडावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन निभावलं. आता टाके पिकायला नकोत." त्या एका वाक्यानं माझी झोप उडाली. पट्टी जरा ओलसर वाटली की छातीत धस्स व्हायचं.

मोठेबाबांनी वॉर्डाच्या दारात स्टूल टाकलं. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला अख्खं गाव येतं आणि प्रत्येकजण अंगाला हात लावून बघतो. न लावला तर माया कसली? गाव जीप भरून आलं आणि नळावर रांग लागली. डॉक्टरांचीही सुटका नव्हती. त्यांनी हसत हात पुढे केले.

"याले तं दारूचा वास येऊन राह्यला."

तो हातावर चोळायच्या औषधाचा वास, हे समजावताना नर्सबाई थकल्या. शेवटी डॉक्टरांनी मुकाट्यानं साबण लावला. मला हसू येत होतं, पण हसलं की टाके ओढायचे.

मग ताप चढला. एका टाक्याभोवती लाल झालं. डॉक्टरांनी तो टाका काढून आतलं पाणी काढलं, औषध बदललं. मी भिंतीकडे तोंड करून रडले. माझी पोरगी लहान आहे हो.

त्याच दुपारी आत्या आली. पदराखाली द्रोण, द्रोणात पाल्याचा लेप. मोठेबाबांनी दार अडवलं.

"पट्टीले कोनी हात नाई लावाचा."

"जंगलाचं औषध हाय, भाऊ. मोठ्या वहिनीच्या टाक्यावर तूच तं लावलं होतं. तवा काऊन नाई अडवलं?"

मोठेबाबांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं.

"तिले लय दुखून राह्यलं होतं. मले पाह्यवलं नाई. पट्टी उचलून लेप भरला. हात बी नाई धुतले." मग हळूच म्हणाले, "पिकलं ना मंग."

आत्या द्रोण घेऊन तशीच मागे फिरली. मी खाटेवरून सगळं ऐकलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतके दिवस हा माणूस दारातच बसून आहे. गावाला हुंगून आत सोडतो, स्वतः एकदाही माझ्या खाटेपाशी आलेला नाही.

ताप हळूहळू उतरला. जखम कोरडी पडली. सुट्टी मिळाली त्या सकाळी मी हाक मारली, "मोठेबाबा, आत या ना."

ते उठले आणि आधी नळावर गेले. किती वेळ हात घासत राहिले. मग खाटेशी येऊन दोन्ही हात त्यांनी माझ्या नाकापुढे धरले.

"हुंग, बाई."

मी हुंगले. "साबणाचा वास येतो, मोठेबाबा."

तेव्हा कुठे त्यांनी तो ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला. जीपवाला बाहेर हॉर्न वाजवत होता, तरी काढला नाही.