लिंबाजी वल्द मारुती हाजिर हाय

आमच्या गल्लीत कोंबडं आरवायच्या आधी लिंबाजी आरवायचा. उंबऱ्यात उभा राहून, रस्त्याकडं तोंड करून तो बापाच्या नावासकट आपलंच नाव पुकारायचा. "लिंबाजी वल्द मारुती हाजिर है?" असं तीनदा. मग जरा थांबायचा, कान द्यायचा आणि खालच्या आवाजात स्वतःच सांगायचा, "हाजिर हाय." एवढं झालं की मगच तांब्या उचलायचा.

आमची भिंतीला भिंत होती, त्यामुळं ही हाजिरी माझ्या उशाशी व्हायची. आवाज मात्र सरकारी होता. अंबाजोगाईच्या, म्हणजे निजामी कागदातल्या मोमिनाबादच्या, अदालतीत लिंबाजी पुकारेवाला होता. बाहेर पारावर ताटकळणाऱ्या पक्षकारांची आणि गवाहांची नावं दारातून ओरडायची, हे त्याचं काम. मी तिथंच नकलनवीस. फैसल्यांच्या नकला उतरून उतरून माझी मान वाकली, पण त्याचा घसा काही बसला नाही. लिंबाजीनं पुकारा केला की परळीतला गवाहसुद्धा उठून बसतो, असं लोक म्हणत.

"अरे, तू घरात आहेस हे तुला ठाऊक नाही का?" मी एकदा वैतागून विचारलं.

"मुन्शीजी, मानूस डोळ्याला दिसतं म्हनून हाजिर असतं असं न्हाई," तो म्हणाला. "अदालतीत आपन रोज बगतो की."

ते खरं होतं. अदालतीत दुपारी माझी स्वतःची हाजिरी तशीच असायची.

हे खूळ त्याला नाटकातून लागलं. गल्लीतल्या मारुतीच्या देवळापुढं चैत्रात, जन्मोत्सवाच्या दिवशी नाटक व्हायचं, तेही भर दुपारी. पूर्वी मशाली लावून करीत. एका वर्षी मशालीनं राणीचं लुगडं पेटलं आणि राणी मिशांसकट आडात उतरली. तेव्हापासून पंचांनी उजेडाचं काम सूर्याकडं दिलं.

नाटक एका जुन्या गुरवानं जुळवलेलं, वर्षानुवर्षं तेच. त्यात एक दैत्यराजा असतो. तो सबंध नाटकभर गरजतो आणि शेवटी मेलेल्या लेकाचं डोकं मांडीवर घेऊन रडतो. हे काम लिंबाजीचं. गरजणं त्याला उपजतच होतं, पण रडताना तो पुकारा केल्यासारखा रडायचा. "हाय रे बाळा" म्हणाला की वाटायचं, बाळाला साक्षीला बोलावतोय. मी पडद्याआड वही धरून बसायचो, विसरलेला शब्द सुचवायला.

आणि एका वर्षी लिंबाजी खरोखर रडला. असा रडला की मला वहीतली अक्षरं दिसेनात. पहिल्या रांगेतला पोलीस पगडीच्या शेमल्यानं डोळे पुसत होता. महिनाभर गावात दुसरा विषय नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको गयाबाई आमच्याकडं विस्तव मागायला आली. विस्तव घेतला तरी पाय निघेना. "दादा, रडायच्या जागी काय काय झालं वो? लोक काय म्हनले?" मी सगळं सविस्तर सांगितलं. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी ती दरवर्षी असंच विचारायची. नवऱ्याचं कौतुक दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची हौस असेल, असं मी समजून चाललो होतो.

त्याच आठवड्यात लिंबाजीची हाजिरी सुरू झाली. आणखी एक गोष्ट सुरू झाली. पहाटे त्याच्या घरातून जात्याची घरघर यायची, बरोबर ओवी, पण ओवीचा आवाज पुरुषाचा. दार लावून आपण अगदी हळू गातो अशी त्याची समजूत होती. त्याचं हळू म्हणजे तीन गल्ल्या. आधी शेजारणींना वाटलं, गयाबाईचा घसा धरला. एकीनं तिला आडुळशाचा काढासुद्धा नेऊन दिला. मग खरं काय ते कळलं आणि लोकांना वर्षभराची करमणूक झाली. "काय बे दैत्यराजा, आज किती पायली?" असं कुणीही विचारायचं. अदालतीतले चपराशी त्याला 'लिंबाबाई' म्हणू लागले. बायकोच्या ताटाखालचं मांजर, असा गल्लीचा फैसला झाला. त्यावर अपील नव्हतं. लिंबाजी सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "हात मोकळं असतेत, म्हनून दळतो."

पुढच्या चैत्रात त्यानं नाटकाला साफ नकार दिला. नेमकं त्या वर्षी आमच्या अदालतीचे न्यायाधीश, मुन्सफसाहेब, स्वतः बघायला येणार होते. पंचांनी मला मध्यस्थीला पाठवलं. जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची, सुट्टी होती. लिंबाजी मांडीवर सूप घेऊन गहू निवडत बसला होता, गयाबाई आडावर गेली होती.

"एवढा गाजलास, आणि आता नाही म्हणतोस?"

"त्या दिशी रडला त्यो मी न्हवतोच, मुन्शीजी."

"मग कोण होता?"

"ह्यो." त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मी वर गेलतो."

वर म्हणजे देवळाच्या शिखरावर. सकाळपासूनचा उपास, चैत्राचं ऊन आणि डोक्यावर लाकडी मुकुट. लेकाचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा त्याच्या कानात घंटा वाजल्यासारखं झालं. मग बघतो तर आपण कळसाला टेकून बसलोय. ऊन लागत नाही, मुकुट टोचत नाही, अंगाला वजन म्हणून नाही. आणि खाली दैत्यराजा रडतोय.

"मला माझ्या मानंवरचा मळ दिसला. धोतराला मागनं येवढं भोक. गया सांगत व्हती, मी ऐकलं न्हवतं." त्यानं एक खडा वेचून फेकला. "आन त्यो माझ्यापक्षा लई चांगलं काम करत व्हता. मी पंदरा वर्सं केलं तर कुनाचा डोळा वला झाला न्हाई. मी जागा सोडली आन समदे रडले."

मला हसू आलं. तो हसला नाही.

"मग भीती कसली? परत येता आलं नाही तर, अशी?"

"ती हायच. म्हनून तर हाजिरी घेतो. पन ते न्हाई." सुपातल्या गव्हात त्याचा हात तसाच राहिला. "वरून बायांची बाजू दिसली. समद्या बाया रडत व्हत्या. गया एकटी भिंतीला टेकून झोपली व्हती. भुवईवर पीठ. झोपंतबी उजवा हात फिरत व्हता, जात्याचा खुंटा धरल्यावानी."

उत्सवाच्या जेवणाचे गहू गल्लीतल्या बायाच दळायच्या. लिंबाजीचं जातं मोठं, म्हणून निम्मे गहू गयाबाईकडं यायचे.

"राग आला तुला?"

"राग कशाचा? लाज वाटली. मी खोटा लेक मांडीवर घिऊन रडतोय, आन घरातली बाई दमलीया हे मला पंदरा वर्सं दिसलं न्हाई. ते बगाया शिखरावर जावं लागलं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गयाबाई दरवर्षीच झोपत असली पाहिजे. जागी होऊन ती माझ्याकडून नाटक मागून न्यायची, विस्तवाबरोबर, आणि घरी जाऊन त्याचं कौतुक करायची. मी हे त्याला सांगितलं नाही. दुसऱ्याचे कागद वाचून गप्प बसण्यातच माझा जन्म गेला होता.

"मग यंदा काम कर," मी म्हणालो. "यंदा दळणारा तूच आहेस. ती जागी राहील."

त्यानं मान वर केली. "ऱ्हाईल? एकदा तिनं बगावं, मुन्शीजी. समदं, शेवटपातुर. मग मला रडाया न्हाई जमलं तरी चालंल."

उत्सवाच्या आधी दोन दिवस त्यानं अदालतीतून रजा काढली. गयाबाईला जात्याला हात लावू दिला नाही. स्वतःच्या वाट्याचे दळून झाले, तर शेजारणींचेही गहू मागून आणले. दोन रात्री भिंतीपलीकडं घरघर चालू होती. ओवी मात्र दुसऱ्या रात्री बंद पडली.

नाटकाच्या दिवशी गयाबाई त्याच भिंतीजवळ बसली, पण टेकली नाही. डोळे टक्क उघडे. मुन्सफसाहेब खुर्चीवर होते. लिंबाजी झकास गरजला. पडद्याआड आला की तळहातावरचे फोड फुंकत एकच विचारायचा, "जागी हाय?" मी म्हणायचो, "जागी आहे." तो परत जाऊन दुप्पट गरजायचा.

मग शेवटचा प्रवेश आला. त्यानं लेकाचं डोकं मांडीवर घेतलं, "हाय रे बाळा" म्हणाला आणि थांबला. मी आतून पुढचा शब्द दिला. पुन्हा दिला. लोकांना वाटलं, दुःखानं वाचा गेली. दोघी-तिघी म्हाताऱ्या मुसमुसायला लागल्या. तेवढ्यात दैत्यराजा घोरला.

घोरणंही त्याच सरकारी आवाजात. मेलेल्या लेकाचं पोट हसून हसून उडायला लागलं. सगळं पटांगण हसलं. कुणीतरी ओरडलं, "लिंबाबाई, दळान सरलं का?" मी वही टाकली आणि त्याला हाक मारायला तोंड उघडलं.

"दादा, वरडू नका."

गयाबाई उठून पुढं आली होती. पुरुषांच्या बाजूनं, मुन्सफसाहेबांच्या समोरून, डोक्यावरचा पदर सावरत ती नाटकाच्या चौथऱ्याशी उभी राहिली. आमच्या देवळापुढं असं कुठल्या बाईनं केलं नव्हतं. ती लोकांकडं वळली.

"तुमी मगाशी ज्या पोळ्या खाल्ल्या, त्येचं पीठ त्येंनी दळलंय. समद्या गल्लीचं. दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाई. हसू नका. निजू द्या त्येंना."

हसणं थांबलं. मुन्सफसाहेबांना मराठी फारशी येत नसे. त्यांनी शेजारच्याला कुजबुजत अर्थ विचारला, मग उठले, जोडे हातात घेतले आणि पाय न वाजवता निघाले. मागोमाग सगळी गल्ली जोडे हातात घेऊन निघाली. मेलेला लेकही हळूच मांडीवरून सरकला. गयाबाई चौथऱ्यावर चढली, तिनं त्याच्या डोक्यावरचा मुकुट काढून बाजूला ठेवला आणि उन्हं उतरेपर्यंत पदरानं माश्या वारत बसली. मी पडद्याआडून बघत होतो. माझेही डोळे भरून आले, ते लपवायचं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी जागाच होतो. उंबऱ्यातून पुकारा आला. "लिंबाजी वल्द मारुती हाजिर है?" एकदा आला, दोनदा आला. तिसऱ्यांदा आवाज जरा चाचरला. तो स्वतःच उत्तर द्यायच्या आत घरातून गयाबाई म्हणाली,

"हाजिर हायेत. म्या बगितलंय."

त्या सकाळी ती आमच्याकडं विस्तव मागायला आली नाही.