हळद लागलेला सेन्सर

अक्षताचं लग्न झालं त्याच वर्षी तिच्या वडिलांना, दत्ताराम राऊळांना, हृदयाचा दुसरा झटका आला. डॉक्टर मुलाला, सुयोगला, बाजूला घेऊन म्हणाले, "फार लांबचे बेत करू नका." राऊळांनी एकच बेत केला होता. लेकीला विक्रोळीहून पार्ल्याला, सासरी, आपल्या गाडीतून स्वतः चालवत पोचवायचं. डॉक्टरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते.

गाडी वीस वर्षांची, तीही धापा टाकणारी. बाबांना चढाला त्रास नको म्हणून सुयोगने इंजिनाला जास्त हवा घेऊ देणारा नवा कॅमशाफ्ट बसवला, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर बसवले, आत येणारी हवा मोजणारा नवा सेन्सर घातला. मुलुंडचा मेकॅनिक चंद्रप्रकाश लॅपटॉप लावून हे सगळं एकमेकांशी जुळवणार होता.

"म्हणजे पत्रिका जुळवणार," सुयोगची आई लता म्हणाली.

"तसंच समज. हवा जेवढी, त्या मापात पेट्रोल. एक जरी खोटं बोलला ना, सगळ्यांची वाट लागली."

मध्येच दसरा आला. राऊळ छत्तीस वर्षं कारखान्यात फिटर होते. दसऱ्याला यंत्राचा सुटेल तो भाग काढून, रॉकेलने पुसून, मग पूजायचा, ही त्यांची रीत. सुयोग बाहेर गेल्यावर त्यांनी सेन्सर काढला, आतली केसासारखी तार फडक्याने खसाखसा पुसली, हळदकुंकू लावलं आणि परत बसवला. चावी फिरवली तर गाडी त्यांच्यासारखीच खोकली. राऊळ कुणाला काही बोलले नाहीत.

चंद्रप्रकाश दोन दिवस लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला, आणि गाडी झकास चालायला लागली. राऊळांचं मन मात्र खात होतं. घाटकोपरच्या स्पेअरपार्टवाल्याला त्यांनी हळूच विचारलं. तो म्हणाला, "तार पुसली? काका, सेन्सर गेला समजा." मार्गशीर्षात, लग्नाच्या दिवशी सकाळी, सगळे हॉलवर जायच्या गडबडीत असताना राऊळांनी नवा सेन्सर बसवला. जुना फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवला. फिटर भाग फेकत नाही.

संध्याकाळी पवईच्या चढाला गाडीने काळा धूर सोडला, दोन आचके दिले आणि बंद पडली. मागे बसलेली नवरी रडायची थांबून शिंकायला लागली.

"मी धक्का मारू का?" नवरदेव सौरभने विचारलं.

"नको नको, जावईबापू. पहिल्याच दिवशी?"

"मारू दे ना बाबा," अक्षता म्हणाली, "सवय होईल."

बाबांच्या शेजारी बसलेल्या सुयोगने उतरून बॉनेट उघडलं आणि तो बघतच राहिला. "बाबा, हा कोरा सेन्सर कुठून आला?"

राऊळ रस्त्याकडे बघत म्हणाले, "दसऱ्याक माझ्याच हातान बिघाडलो रे. तुका सांगूक लाज वाटली. म्हणान आज बदललंय."

सुयोग फुटपाथवर बसला. "मला तेव्हाच कळलं होतं, बाबा. सेन्सरला कुंकू होतं! चंद्रप्रकाश म्हणाला, नवा टाक. मी म्हटलं, नको, बाबांना लागेल. ह्या खोटारड्याशीच गाडी जुळव."

"मगे आता?"

"आता हा नवा खरं सांगतोय, आणि इंजिनाला खऱ्याची सवय नाही."

राऊळांनी डिकी उघडली. फडक्यातला जुना सेन्सर त्यांनी स्वतःच बसवला. स्क्रू एकही पडला नाही. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. थेट पार्ल्यालाच थांबली. तिथे अक्षता उतरून पाया पडली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जा. इथपर्यंत आणलंय."

परतताना त्यांनी चावी सुयोगच्या हातात दिली आणि शेजारच्या सीटवर बसले. पुन्हा कधी मागितली नाही.

सेन्सर अजून तोच आहे. कुंकू फिकट झालं, हळद तशीच आहे.

दत्ताराम राऊळ त्याच वर्षी माघ वद्य पंचमीला, सकाळी, राहत्या घरी वारले.