मोरगुरूंचा कडू दुधी

बाळांनो, एका जंगलात सगळ्यांना पोटभर खायला मिळत होतं. त्यामुळे काय खाऊ नये, याचीच तिथं दिवसभर चर्चा चाले.

त्या जंगलात टोच्या नावाचं साळिंदर राहायचं. त्याला एक मोठी बहीण होती, साळूताई. आई गेल्यावर तिनंच त्याला कंद उकरायला शिकवलं. ताईची साखर वाढली, तेव्हा टोच्या तिला गवा डॉक्टरांकडे घेऊन गेला.

गवा डॉक्टर रवंथ करत म्हणाले, "पालेभाज्या खा, कडधान्यं खा. गोड कमी कर. रोज चाल. औषध चुकवू नकोस."

"एवढंच?" ताईचा चेहरा पडला.

"एवढंच. गेल्या वर्षीही हेच सांगत होतो."

दरवर्षी तेच सांगणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? ताई मोरगुरूंकडे गेली. मोरगुरूंचा पिसारा बघून सगळ्यांना वाटे, हे तेज आहाराचं. वयात आलेल्या मोराला पिसारा येतोच, हे कुणी बोललं नाही.

"औषधं सोड," मोरगुरू म्हणाले. "उपाशीपोटी दुधीचा रस घे. साखर पळून जाईल."

एका सकाळी ताईनं दारच्या वेलावरच्या दुधीच्या रसाचा पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कडू आहे का गं? थुंक आधी!" टोच्या ओरडला. "आई दुधीची फोड चाखून बघायची. कडू लागला की अख्खा फेकून द्यायची. विसरलीस?"

"गप रे येड्या. गुरू म्हणालेत, जेवढा कडू तेवढा गुणकारी."

तिनं डोळे मिटून पेला रिकामा केला. थोड्याच वेळात रक्ताच्या उलट्या सुरू झाल्या. टोच्या धावत जाऊन गवा डॉक्टरांना घेऊन आला. तोवर ताई गेली होती.

दहाव्याला सगळं जंगल जमलं. मोरगुरूही आले. पिसारा मिटून, म्हणजे दुःखात.

"उलट्या म्हणजे शरीरातलं विष बाहेर पडत होतं," त्यांनी समजावलं. "बाईंनी धीर सोडला. जरा कळ काढली असती, तर ठणठणीत झाल्या असत्या."

"खरंय, घाईच केली तिनं," ससेमावशी म्हणाल्या.

टोच्याचे काटे ताठ उभे राहिले. त्यानं त्याच वेलावरचा दुधी ओरबाडला, ठेचला आणि पेला भरून मोरगुरूंच्या चोचीपुढे धरला.

"घ्या गुरुजी. ताईच्या नावानं एक घोट."

सगळे बघत होते. मोरगुरूंनी चोच बुडवली आणि ते लगेच थुंकले.

"शी! कडू आहे हा!"

"ताईलाही कडूच लागला होता."

मोरगुरूंनी चोच पुसली आणि पिसारा फुलवला. "मी आधीच शुद्ध आहे, बाळा. मला याची गरज नाही. गरज तुम्हाला आहे."

"वा!" सगळ्यांनी माना डोलावल्या. उरलेल्या रसासाठी रांग लागली.

टोच्यानं पेला मातीत उपडा केला.

"गुरूंचा प्रसाद सांडला मेल्यानं!" ससेमावशी किंचाळल्या. "बहिणीच्या दहाव्याला तरी नीट वाग!"

तात्पर्य: कडू दुधी तोंडात येताच थुंकून टाकावा. पण बाळांनो, थुंकल्यावरही लोकांनी माना डोलवाव्यात असं वाटत असेल, तर मोठेपणी गुरू व्हा. कुणाची ताई होऊ नका.