तिसरी हाक

हरेश्वर तांडेल माणसाला संडासातही सुखाने बसू देत नसत. बोईसरच्या एका रंगांच्या कारखान्यात मी हिशेबखात्यात होतो आणि शेजारच्या खोलीत त्यांचा कंप्युटर विभाग. दर थोड्या वेळाने दारातून मान आत घालून ते विचारायचे, "काय रे, हाय का?" आपण "हाय" म्हटलं की गेले. काम काही नसे. एकदा मी आतून जाब दिला नाही, तर त्यांनी वॉचमनला आणून संडासाची कडी उचकटायला लावली. दार उघडलं तेव्हा मी जिवंत होतो, पण लाजेने अर्धा मेलो होतो.

"तीन हाका मारल्या," ते शांतपणे म्हणाले. "तिसरीला जाब नाय, म्हंजे बघाया जायाचा."

हा नियम दातिवऱ्याचा. त्यांचे वडील तिथे मासेमारीची होडी चालवत. धुक्यात होड्या एकमेकींना दिसेनाशा झाल्या की एकीवरून डबा बडवायचा, दुसरीवरून बडवून जाब द्यायचा. तिसऱ्या खेपेलाही जाब आला नाही, तर जाळं तसंच सोडून होडी तिकडे वळवायची.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कारखान्यातले कंप्युटर एकमेकांना जोडले गेले आणि हरेश्वररावांना पिंग सापडला. एका कंप्युटरने दुसऱ्याला "आहेस का?" विचारायचं आणि दुसऱ्याने "आहे" म्हणायचं, एवढाच तो प्रकार. पण त्यांना घबाडच मिळालं. लॅब, गोदाम, गेट, सगळ्यांना त्यांचं मशीन दिवसभर हाका मारायचं आणि ते पडद्यासमोर बसून पुटपुटायचे, "जाब दे गो बाय, जाब दे."

त्यांची बायको क्वार्टरमध्ये एकटी असताना गेली, तेव्हा ते ड्युटीवर होते. शेजारणीने भिंतीपलीकडून हाक ऐकली होती, पण तिला वाटलं, मांजराला बोलावतेय. हे साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं. म्हणून त्यांच्या छळाला कोणी फार बोलत नसे.

पडद्यावरच्या लाल अक्षरांनी त्यांचं समाधान होईना. त्यांनी कुठूनसा जुना भोंगा आणून मशीनला जोडला. तिसरी हाक फुकट गेली की भोंगा! मग एका दुपारी लॅबमधल्या केमिस्टने टेबलपंखा लावायला कंप्युटरचा प्लग काढला. भोंगा ठणाणला. तारापूर एमआयडीसीत भोंगा झाला की कारण विचारत कोणी बसत नाही. "गॅस! भागो!" करत अख्खी पाळी गेटबाहेर. दोघांनी तर जवळच्याच अणुभट्टीकडे पाठ करून थेट मासवणचा टेम्पो पकडला.

एकटे हरेश्वरराव उलटे, तोंडाला रुमाल लावून, लॅबमध्ये शिरले. केमिस्ट पंख्यासमोर डबा खात होता. त्याचा दंड धरून ते म्हणाले, "हाय ना रे तू?"

साहेबांनी त्याच दिवशी भोंगा काढायला लावला आणि पिंगही बंद केला. "तांडेल, मशीन बंद पडलं तर लोक फोन करतील. तुम्ही कशाला जीव काढता?"

हरेश्वररावांनी भोंग्याची वायर गुंडाळून खणात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून दारातून मान आत येणंही थांबलं. काळ्या पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून ते बसून राहायचे. ज्यांना त्यांचा वैताग होता, तेही आता काहीतरी निमित्त काढून त्यांच्या खोलीत डोकावू लागले. मलाही दिवस खायला उठायचा.

मग एके दिवशी ते आलेच नाहीत. रजेचा निरोपही नाही. मी क्वार्टरवर फोन लावला. घंटा वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावला, जाब नाही. मी रिसीव्हर तसाच टाकला आणि रिक्षा पकडली.

दार नुसतं लोटलेलं होतं. हरेश्वरराव गोधडी पांघरून खाटेवर बसले होते. फोन हाताच्या अंतरावर.

"अहो, उचलला का नाहीत?" मी ओरडलोच.

"ताप हाय जरा." त्यांनी फोनकडे पाहिलं. "ती गेल्यापासून ह्यो वाजलाच नव्हता. पयल्यांदा वाजला तवाच उचलनार होतो. मंग मनात आला, बघू या..."

"काय बघू या?"

"तिसरीला कोन येतो का."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी डोळे भरून आले. उंबऱ्यातच उभा राहून मी विचारलं, "काय हरेश्वरराव, हाय का?"

"हाय," ते म्हणाले, आणि खाटेवर सरकून त्यांनी मला जागा केली.