खोली भरलेली आहे

धोटे सरांसमोर एखादी गोष्ट रिकामी आहे असं म्हणायची सोय नव्हती. आष्टीच्या बाजारात तेलवाला सहज म्हणाला, "सर, डबा खाली हाये," की सर पिशवी टेकवून सुरू. "खाली कसा? हवा हाये ना त्यात. नायट्रोजन अठ्ठ्याहत्तर टक्के, ऑक्सिजन एकवीस, बाकीचे सारे मिळून एक." मागचं गिऱ्हाईक कंटाळून निघून जायचं, पण सरांचे वायू संपत नसत.

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो आणि सरांच्या शेजारीच राहायचो, म्हणजे ही हवा मला दोन्ही वेळा. तापलेल्या पृथ्वीच्या पोटातून वायू कसे निघाले, त्यात ऑक्सिजन औषधालाही कसा नव्हता, मग पाण्यातल्या शेवाळानं करोडो वर्षं खपून तो कसा जमवला, हे मला तोंडपाठ झालं होतं. शेवाळाबद्दल सर घरातल्या कष्टाळू आजोबांबद्दल बोलावं तसं बोलत.

भांडण लागलं ते कापसावरून. आमच्याकडे वेचणी झाली की खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत कापूस राहत्या घरातच भरतात, पार आढ्यापर्यंत, आणि माणसं उरलेल्या जागेत झोपतात. सरांची शेती मोठ्या भावासोबत सामायिक, घरं मात्र वेगळी. अर्धा कापूस सरांच्या मधल्या खोलीत, हा रिवाज वडिलांपासूनचा. सरांचं लग्न झालं, त्याच्या पुढच्या वर्षी दादांनी कापसानं भरलेली बैलबंडी दारात आणली, तर सर उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसलेले.

"सरक नामा. खोली खाली हाये ना?"

"भरली हाये, दादा. हवेनं."

"येडा झाला का बे तू?"

"आभाळात हवेचे थरावर थर हायेत, पन चारातले तीन हिस्से हवा खालच्याच थरात हाये. वरच्या थरात मानूस जगत नाई. शेवाळानं करोडो वर्सं मेहनत करून ही हवा बनवली, आन तुमी एका बंडीत हाकलून राह्यले? मी नाई सरकत."

अख्खी गल्ली जमली. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. दादांनी बैल वळवले, सगळा कापूस स्वतःच्या घरात कोंबला, पोराबाळांना ओसरीत झोपवलं आणि भावाशी बोलणं टाकलं. पुढच्या हंगामात बंडीसोबत त्यांनी नुसता गडी पाठवला. सर खुर्चीवर तयारच होते. गावानं त्यांचं नाव 'हवावाले सर' ठेवलं. सर त्या नावानं मारलेल्या हाकेलाही ओ देत, मान ताठ ठेवून.

त्या संक्रांतीत एका दुपारी मी पेपराचे गठ्ठे द्यायला त्यांच्याकडे गेलो. वहिनी, म्हणजे सरांची बायको, नुकत्याच दादांच्या घरून हळदीकुंकवाहून आल्या होत्या. त्या कापसाच्या घरात दहा मिनिटं बसल्या असतील. दाराची चौकट धरून त्या उभ्या होत्या, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि सर त्यांची पाठ चोळत हळू आवाजात म्हणत होते, "घे, आनखी एक घे. हाये हवा, भरपूर हाये."

मला पाहून वहिनी दचकल्या. श्वास जरा जागेवर आल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, कोनाले सांगू नोका. दमा हाये मले. माहेरच्यांनी लपवला होता. जाऊबाईले मालूम झालं तर म्हनतीन, सून आली आन घरातला कापूस बाहेर गेला."

मला माझ्या त्या हसण्याची लाज वाटली. सर मला अंगणापर्यंत सोडायला आले. मी म्हटलं, "सर, निदान दादांना तरी खरं सांगा. सख्खा भाऊ बोलत नाही तुमच्याशी."

"त्याचं वाईट वाटते मले, लय वाटते," सर म्हणाले. "पन मी येडा हाये म्हनून लोकं दोन घडी हसतेत आन घरी जातेत. तिच्यात खोट हाये म्हनतीन तर जलमभर म्हनतीन. मलेच म्हनू द्या."

दादा गेले तोवर दोघा भावांचं बोलणं झालं नव्हतं. मीही वहिनींचा शब्द पाळला, कोणाला सांगितलं नाही. आता सर नाहीत, वहिनीही नाहीत, आणि गावात अजूनही वेडा कोण होता असं विचारलं की त्यांचंच नाव निघतं. म्हणून आज सांगून टाकलं.