डिकोजीरावांचा अळणी भात

आमचे शेजारी फौजदारसाहेब कुत्र्याला जेवायला वाढण्याआधी त्यातला एक घास स्वतः खाऊन बघत. घास गिळून झाला की भिंतीला टेकत, डोळे मिटत आणि बसून राहत. काही वेळानं आपण अजून जिवंत आहोत अशी खात्री पटली, की थाळी खाली ठेवून म्हणत, "हं, डिकोजीराव, घ्या आता. बिनघोर खावा." जुन्या काळी राजेलोकांच्या पदरी असली माणसं असत म्हणे. साताऱ्याला राजेशाहीचं कौतुक फार, पण घास चाखायला पेन्शनर फौजदार मिळालेला हा एकच कुत्रा मी बघितला.

कुत्रा म्हणावं तर तेही जिवावर येतं. लोकरीचा पांढरा गुंडा, खाली चार काड्या आणि पुढं दोन काळी बटणं. आळीतली मांजरं त्याला बघून पळत नसत, उलट जवळ येऊन निरखून बघत. मूळ नाव डिकी. "डिकी काय डिकी? मोटारीचा मागचा भाग आहे का तो?" असं म्हणून फौजदारसाहेबांनी पहिल्याच दिवशी त्याचे डिकोजीराव करून टाकले.

साहेबांची सगळी नोकरी पोलिसात गेली. माण, शिराळा, जाईल तिथं दरारा. पेन्शनीत निघाले तरी चौकशीची सवय सुटली नाही. दूधवाला आला की "पाणी कुठल्या विहिरीचं?" पोस्टमन आला की "उशीर का? कुठं थांबला होतास?" मी शाळेतला ड्रॉइंग मास्तर, दोन घरांत भिंत एक, तरी मी दिसलो की "कुठं निघालात? सोबत कोण?" कशालाही "पुरावा?" म्हणून विचारायचं, आणि काही महत्त्वाचं असलं की मला हाक मारायची, "मास्तर, पंच म्हणून या." त्यांच्याकडे मी उंदराच्या पिंजऱ्याचा पंच झालोय, फुटलेल्या कौलाचा पंच झालोय. चहा म्हणाल तर इतक्या वर्षांत अर्धा कप नाही.

हे कुत्र्याचं ध्यान त्या घरात आलं ते त्यांच्या मुलीमुळे. कुमुद त्यांची एकुलती एक. जावई लष्करात कॅप्टन. पासष्टची लढाई लागली तेव्हा तो सरहद्दीकडे गेला, कुमुद पुण्याला सासरी गेली, आणि सासूबाईंना घरात कुत्रं चालेना. म्हणून कुमुद एक दिवस पिशवीतून डिकी घेऊन आली.

"कुत्रं? माझ्या घरात? ही काय कोठडी आहे, कुणालाही आणून डांबायला?"

"थोडे दिवस हो, बाबा."

कुत्र्याबरोबर एक खोकं होतं. त्यात मुंबईहून आणलेले कुत्र्याच्या खाण्याचे विलायती टिन. कुमुदची पाठ वळली आणि मला हाक आली.

साहेबांनी एक टिन हातात धरला होता, चोरीचा माल धरावा तसा. टिनावर हसऱ्या कुत्र्याचं रंगीत चित्र.

"मास्तर, टोमॅटोच्या टिनावर कशाचं चित्र असतं?"

"टोमॅटोचं."

"अननसाच्या?"

"अननसाचं."

"मग यात काय आहे?"

मी म्हणालो, साहेब, तसं नसतं, हे कुत्र्यासाठी असतं, आत गाईगुरांचं काहीतरी असेल. "पुरावा?" पुरावा माझ्याकडे कुठला असणार! टिन पंचासमक्ष फोडण्यात आला. आतून तपकिरी लगदा निघाला आणि असा वास सुटला, की मी दोन पावलं मागे सरलो. साहेबांनी मात्र बोटावर घेऊन चाखला. हे त्यांचं मानायलाच पाहिजे. थुंकून आले आणि निकाल दिला, "शिजवणाऱ्याचं तोंड दिसल्याशिवाय अन्न खाऊ नये. हे कुणी शिजवलं? कुठं शिजवलं? अंघोळ केली होती का? काही पत्ता नाही. असलं मी कैद्यालासुद्धा घातलं नाही."

झालं! दुसऱ्या दिवसापासून त्या घरात शेगडी पेटली.

ज्या माणसानं बायको असेपर्यंत पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नाही, तो माणूस धोतराचा काचा मारून कुत्र्यासाठी मटण शिजवायला बसला. मटणसुद्धा असंतसं चालायचं नाही. खाटकाच्या दुकानात उभं राहून तपास चालायचा. बोकड कुठलं? माणचं का? डोंगरात चरलेलं का दावणीचं? आजारी होतं का? शेवटी खाटीक एकदा वैतागला. "आवं फौजदारसाहेब, बोकड हाय त्ये, आरोपी न्हाई! घ्याचं आसंल तर घ्या, न्हाईतर त्येच्या घरच्यास्नी इचारून या."

त्या मटणाचा अळणी रस्सा. आपल्याकडे बाळंतिणीला, पोरांना देतात तो, तिखटाशिवायचा. यात तर मीठही नाही, कारण गुरांच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, एवढ्याशा जिवाला मीठ सोसत नाही. त्यात वाईकडचा आंबेमोहोर, चिमूटभर हळद, वर तुपाची धार. मटणाचे तुकडे बोटांनी कुस्करायचे, हाड राहिलंय का ते डोळ्याला चष्मा लावून बघायचं. दुपारी त्या शिजणाऱ्या भाताचा वास भिंतीवरून आमच्याकडे यायचा, आणि आमच्या ताटात घेवड्याची आमटी असायची. "पुढच्या जन्मी मला यांचं कुत्रं कर रे देवा," आमची ही म्हणायची, आणि माझ्याकडे अशी बघायची, की मी काही बोलून उपयोग नव्हता.

आता यातली खरी गंमत सांगतो. स्वतः फौजदारसाहेब खानावळीचा डबा खायचे! काकू गेल्यापासून रोज शेवंताबाईंच्या खानावळीतून डबा यायचा. गार चपात्या, पातळ डाळ, भाजी ओळखणाऱ्याला बक्षीस. कुत्रं गरम आंबेमोहोर खातंय आणि मालक शेजारी बसून वातड चपातीशी झटापट करतोय, हा देखावा मी रोज खिडकीतून बघायचो. एकदा मला राहवलं नाही.

"साहेब, शेवंताबाईंचं तोंड कधी बघितलंत का हो?"

"कशाला?"

"शिजवणाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे ना?"

त्यांनी चपाती तोडली. "मी माणूस आहे, मास्तर. माणसाला काहीही चालतं."

आणखी एक गोष्ट मी हेरली होती. आमच्याशी साहेब कायद्याच्या पुस्तकासारखं बोलायचे. कुत्र्याशी बोलताना मात्र जन्मगावची, दहिवडीकडची भाषा यायची. "राजं, आज लय झ्याक झालंय बगा. फुकून देऊ व्हय? थांबा, जीब भाजंल." माणसांशी असं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. काकूंशीही नाही.

थोडे दिवस म्हणता म्हणता दोन वर्षं होऊन गेली. लढाई केव्हाच संपली होती, पण जावयाची सरहद्दीवरची नेमणूक आत्ता संपली, आणि कुमुदचा निरोप आला. यांना देवळालीला राहायला घर मिळालंय, डिकीला न्यायला येतोय.

त्या दिवशी साहेब स्वतःहून माझ्या दारात आले. आत येऊन बसले. ही चहा करायला गेली तर "नको" म्हणाले.

"मास्तर, कुत्रं जाता कामा नये."

"मग कुमुदला तसं सांगा की."

"तिचं कुत्रं आहे. मालकी तिची. मी कसं सांगू?" मग पुढे वाकून म्हणाले, "पण देवळालीत शिजवणार कोण? ते टिनच घालणार. आता यानं टिनाला तोंडच लावलं नाही, तर? उपाशी मरणारं कुत्रं ते नेतील होय? मी आधीच अट घालणार. तुमच्यासमोर. खाल्लं तर न्या, नाही खाल्लं तर इथंच राहील."

आणि तालीम सुरू झाली. खोक्यातले टिन फळीवर तसेच पडून होते. त्यातला एक फोडायचा, चमच्यानं टण टण वाजवायचा आणि डिकोजीरावांपुढं ठेवायचा. त्यानं नाक पुढं केलं, की "छीः! हॅट!" म्हणून टिन उचलायचा आणि लगेच गरम भाताची थाळी द्यायची. तोच टिन झाकून दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्या वासानं आमच्या हिनं खिडक्या लावून घेतल्या. मी सुचवलं, की टिनात काडेचिराईत कालवा, एकदा कडू लागलं की जन्मात जवळ जाणार नाही. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी खूनच करून आलोय.

"कडू? त्याला?"

हा माणूस म्हणे गुन्हेगारांना बोलतं करायचा!

ठरल्या दिवशी जीप आली. कॅप्टन उंचापुरा, हसरा, कुमुदच्या अंगावर चांगलं तेज आलेलं. मला पंच म्हणून बसवण्यात आलं. साहेबांनी कोट घातला होता. त्यांनी अट सांगितली, सगळी कायद्याच्या भाषेत. जावई हसला आणि "मान्य," म्हणाला. आत शेगडीवर भात तयार होता, त्याचा वास बाहेरपर्यंत येत होता.

कॅप्टननं नवा टिन फोडला आणि आत चमचा घालून ढवळला. टण टण टण.

डिकोजीराव जे उठले, ते मागच्या दोन पायांवर नाचायलाच लागले! गिरक्या घेतल्या, साहेबांच्या कोटावर उड्या मारल्या, शेपूट नुसती भिरभिरत होती.

"बघितलंत बाबा?" कॅप्टन म्हणाला. "दोन वर्षं झाली तरी विसरला नाही टिन!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या मुक्या जिवाला तालमीतून एवढंच कळलं होतं, की टिन वाजला म्हणजे भात आला. साहेबांच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण त्यांचा चेहरा पांढरा पडला. टिन समोर आला. "छीः," साहेब म्हणाले, अगदी बारीक आवाजात. "हॅट." ते ऐकून तर शेपूट आणखी जोरात हलली. पण टिन कुणी उचललाच नाही. डिकोजीरावांनी थोडी वाट बघितली, मग तोंड घातलं आणि टिन चाटूनपुसून स्वच्छ केला. आणि ते साहेबांपुढं जाऊन बसले, मान वर करून. भात कधी येतो म्हणून.

साहेबांनी घसा साफ केला.

"मास्तर, तुम्ही पंच. खाल्लं का?"

"खाल्लं असं नाही म्हणता येणार," मी म्हणालो. "म्हणजे, नुसतं चाटलं. बरंचसं सांडलंच..."

"खोटी साक्ष देऊ नका, मास्तर."

कुमुदला काय कळलं कोण जाणे. ती वडिलांजवळ गेली. "बाबा, राहू दे का त्याला तुमच्याकडे?"

"पंचासमक्ष ठरलंय," ते म्हणाले. "न्या. लवकर निघा, घाटात ऊन लागेल त्याला."

जीप वळणाआड गेली. पिशवीतून एक पांढरं तोंड शेवटपर्यंत मागे बघत होतं. मी हळूच घराकडे वळलो, तेवढ्यात हाक आली.

"मास्तर."

मला वाटलं, आता कशाचा पंच? आत गेलो. कोपऱ्यात खानावळीचा डबा तसाच होता. साहेबांनी दोन पाट मांडले होते आणि मधे भाताचं पातेलं ठेवलं होतं. त्यांनी त्यातला एक घास खाल्ला, भिंतीला टेकले आणि डोळे मिटले. या वेळी डोळे लवकर उघडेनात. मला भयंकर वाईट वाटलं, आणि इकडे तिकडे बघत बसण्यापलीकडे काही सुचेना.

मग त्यांनी थाळी वाढून माझ्यापुढं सरकवली.

"घ्या मास्तर. बिनघोर खावा."

मी घास घेतला. मटण लोण्यासारखं शिजलेलं, भाताला तुपाचा वास, आणि मिठाचा पत्ता नाही.

"साहेब, जरा मीठ मिळेल का?"

ते दाराकडं बघत होते.

"न्हाई," ते म्हणाले. "त्यास्नी सोसत न्हाई."

मी मान खाली घातली आणि थाळीतलं सगळं संपवलं.