साडेतीनशे पाकिटं आणि एकटे मामा

माझ्या घरात माझी कदर नाही, हे आधीच सांगून टाकतो. काळ्या खिडकीत चार ओळी टाइप करून संगणकाला राबवणारा माणूस मी, आणि आमची आई मला मळ्यातल्या गुलाबाच्या जुड्या बांधायला बसवते!

तर धाकट्या बहिणीचं, पिंकीचं लग्न ठरलं. तिची मागणी एकच. "दादा, जेवणात एक गोड कमी करा, पण माझ्या लग्नात कोणी रुसायला नको!"

कारण आमच्या वास्तुशांतीला सटाण्याचे सावळीराममामा रुसले होते. त्यांना पत्रिका मोबाइलवर धाडली होती. तेव्हापासून त्यांचं अहिराणीत एकच पालुपद, "फोटो धाडीसन बलावतस, मीबी फोटोच धाडसू!" घरी यायचं नाही, अशी तंबीही त्यांनी आम्हाला दिली होती. आता मामाच आले नाहीत, तर पिंकीला बोहल्यावर आणणार कोण?

"साडेतीनशे पाकिटं आहेत," आई म्हणाली. "प्रत्येकावर पूर्ण नाव, पूर्ण पत्ता. सगळे बसू, चार दिवसांत हातानं लिहून काढू."

मी हसलो. "चार दिवस? चार ओळी! मी बॅच फाइल, म्हणजे संगणकासाठी हुकमांची चिठ्ठी, लिहितो, तिच्यात लूप टाकतो. लूप म्हणजे काय, यादीतलं एक नाव घे, पाकिटावर छाप. पुढचं घे, छाप. यादी संपेपर्यंत ना दमणं, ना चहा मागणं!"

"आणि चुकलं तर?" माझी बायको सुवर्णा म्हणाली.

"माणूस चुकतो गं! संगणक नाही!"

आधी चाचणीचं एक पाकीट काढलं. मुद्दाम मामांचंच नाव दिलं. मानानं, सहकुटुंब सहपरिवार, सटाण्याच्या पत्त्यासकट झक्क उमटलं! ते बघून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी यादी जोडली, एंटर दाबलं आणि राजासारखा ओट्यावर जाऊन बसलो.

आमच्या प्रिंटरमधून पाकिटं पालथी पडतात. पत्रिका मागून भरायची, डिंकही मागूनच लावायचा. त्यामुळे पाकिटांची तोंडं कोणी पाहिलीच नाहीत. पन्नास-पन्नासचे सात गठ्ठे सुतळीनं बांधून मी उलटे केले, तेव्हा पिंकी म्हणाली, "दादा, प्रत्येक गठ्ठ्यात मामाच वर कसे काय?"

"मान असतो तो!" मी ठणकावलं. "मामा वरच पाहिजेत!"

आणि तिकिटांचे पैसे भरून गठ्ठे तसेच पोस्टात देऊन आलो.

पाचव्या दिवशी मामांचा फोन आला. मी ऐटीत स्पीकर लावला.

"भाचा!" मामांचा आवाज कापत होता. "पोस्टमन पोतं घीसन उना. साडेतीनशे पाकिटं! आन् सगळास्वर मनं नाव! इतला मान मना बापलेबी भेटना नही रे! मी उद्याच येस!"

आईनं देवाला हात जोडले. पिंकी नाचायला लागली. एवढ्यात सुवर्णानं हळूच विचारलं, "मामांना साडेतीनशे गेली. आपण एकूण छापली किती होती?"



मी धावत जाऊन फाइल उघडली. चूक इवलीशी होती. नावाच्या दोन्ही बाजूंना मी टक्क्याची खूण दिली होती. तशी दिली की संगणक लूप सुरू होण्याआधी एकदाच नाव वाचतो आणि तेच धरून बसतो. त्याच्याकडे चाचणीतलं मामांचं नाव पत्त्यासकट शिल्लक होतं, तेच त्यानं साडेतीनशे वेळा इमानदारीत छापलं! दर फेरीला नवं नाव हवं असेल, तर आधी एक परवानगीची ओळ टाकून टक्क्याऐवजी उद्गारचिन्ह द्यावं लागतं. उद्गारचिन्ह! साध्या 'बरं'पुढेही तीन-तीन उद्गारचिन्हं देणारा माणूस मी, आणि नेमका तिथेच कंजूषपणा केला!

दुसऱ्या दिवशी मामा पोत्यासकट उतरले. आईनं त्यांना सगळं खरं सांगितलं. मामांनी ते कानाआड केलं. "पत्रिका काढी ल्या, पाकिटं मी देवघरमा ठेवसू," एवढंच म्हणाले.

मी फाइल दुरुस्त केली. या वेळी प्रत्येक पाकिटावर वेगळं नाव आलं, मी स्वतः एकेक तपासलं. पण आता पोस्टाला वेळ नव्हता. आईनं माझ्या हातात कुंकवाची वाटी दिली. "एक घर घे, पत्रिका दे. पुढचं घर घे, पत्रिका दे. यादी संपेपर्यंत चहा मागायचा नाही!"

सोबत मामा निघाले. नवी टोपी घालून गाडीत पुढे बसले आणि प्रत्येक दारात माझ्याआधी तेच बोलले, "तुमले एकच का? माले साडेतीनशे उन्यात!"

लोकांचे चेहरे पडायचे. मी हात जोडायचो, कुंकू लावायचो, मामांना ओढून गाडीत बसवायचो. कशीबशी एकेका घराची समजूत काढत आम्ही पेठ गावाला पोहोचलो. तिथे माझी आत्या, कुसाबाई, दारातच उभी होती. तिनं मामांचं ऐकून घेतलं, माझ्या हातातल्या पाकिटाकडे पाहिलं आणि दार अर्धं लावलं.

"आईच्या भावाला साडेतीनशे, बापाच्या बहिणीला एक? मी नाय येत लग्नाला!"

"आत्या, ती चूक होती गं!"

"मग माझ्यासाठी बी कर की चूक! तीनशे एक्कावन पाहिजेत. तवाच येईन!"

पिंकीचा फोन आला. "दादा, आत्या रुसली नाही ना?"

म्हणून सध्या मी आत्याच्या ओसरीवर बसून कोऱ्या पाकिटांवर हातानं तिचं नाव लिहितोय. एकशे बारावं चालू आहे. मनगट गेलंय. आत्या शेजारी बसून मोजतेय.

खरं सांगू? या कामाला माझी ती पहिली फाइल अगदी फक्कड होती. पण मी पडलो हुशार, तिची चूक दुरुस्त करून बसलोय!